हवेचा हिशेब

अर्जातली अट स्पष्ट होती. वाद्य स्वतःचं हवं, त्यावर हात बसलेला हवा आणि मध्यम लयीतली धून न अडखळता वाजवता यायला हवी. कुठलं बटण कुठं आहे हे शिकवण्यात इथे वेळ जाणार नव्हता. कॉन्सर्टिनावादकांच्या या निवासी शिबिराला आलेले बहुतेक जण वीस-वीस, तीस-तीस वर्षं वाजवत आलेले. शनिवारी सकाळी नाश्ता उरकून ते वर्गात बसले, वाद्यं मांडीवर घेतली, आणि शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना पहिलं काम दिलं ते एकच बटण दाबून एकच सूर लावण्याचं. ऐकू येईल न येईल इतका बारीक सुरू करायचा, सावकाश मोठा करत न्यायचा आणि तसाच बारीक करत विरवून टाकायचा. एकदा भाता उघडताना, एकदा मिटताना.

बोटांना कामच नाही, तरीही खोलीभर पडझड झाली. कुणाचा सूर नुसत्या फुसकाऱ्यानंतर उशिरा उमटला, कुणाचा मध्येच थरथरला. कुणी आवाज वाढवत नेला तसा सूर खाली घसरत गेला. भाता उलटा फिरवताना तर जवळजवळ प्रत्येकाच्या सुराला गचका बसला. बाई कुणाला उद्देशून काही बोलल्या नाहीत. तेच पुन्हा करायला लावलं, मग आणखी एकदा, मग डोळे मिटून. तास संपत आला तेव्हा त्या खोलीतून एकच लांब, सलग सूर येत होता आणि त्यात कुठल्या हाताने कधी भाता वळवला हे ओळखू येत नव्हतं.

मी पेटी वाजवते. या शिबिरात मी ऐकायला आणि लिहायला गेले होते, पण या पहिल्या तासाला माझा डावा हात आपोआप हलू लागला. आपल्या हार्मोनियममध्ये बाहेरच्या भात्याच्या आत आणखी एक भाता असतो. त्याला स्प्रिंगा असतात, तो हवा साठवतो आणि सुरांना सारख्या दाबाने पुरवतो. हाताचा हिसका त्या आतल्या भात्यात बराचसा जिरतो. कॉन्सर्टिनाला आतला भाता नाही. हाताचा प्रत्येक हिसका, प्रत्येक शंका, थेट सुरात उतरते. म्हणून या वाद्याच्या जाणकार वादकाची परीक्षा बोटांच्या वेगावर होत नाही, भात्यावर होते, आणि अनुभवी माणसाचं दुखणं असं की बोटं कधीच पुढे निघून गेलेली असतात, भाता मात्र पहिल्या वर्षी जसा हलत होता तसाच हलत राहिलेला असतो.

शिबिर होतं इंग्लंडच्या नैऋत्येला, सॉमरसेट परगण्यात, क्वांटॉक टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या हॉल्स्वे मॅनर या जुन्या गढीवजा घरात. १९६५पासून ही वास्तू लोकसंगीत, लोकनृत्य आणि लोककलांच्या निवासी वर्गांसाठी चालवली जाते. राहायला खोल्या, जेवायला एक मोठं दालन, लोकसंगीताचं ग्रंथालय आणि वाजवत बसायला कोपरेच कोपरे. शुक्रवारी संध्याकाळच्या जेवणाला माणसं जमतात, रविवारी दुपारी जेवून पांगतात. याच परगण्यातल्या हॅम्ब्रिज गावी १९०३ साली सेसिल शार्प यांनी एका माळ्याच्या तोंडून गाणं ऐकलं, टिपून घेतलं, आणि इंग्लंडच्या लोकगीतांचा त्यांचा मोठा संग्रह तिथून सुरू झाला. तेव्हा जागा अगदी योग्य.

आता वाद्याबद्दल. ओंजळीत मावेल एवढी षटकोनी पेटी, दोन्ही टोकांना नक्षी कापलेल्या लाकडाच्या किंवा धातूच्या चकत्या, मध्ये कातड्याचा घड्यांचा भाता. चकत्यांवर बारीक बटणं. आत प्रत्येक सुरासाठी पोलादाची किंवा पितळेची पातळ जीभ, म्हणजे आपल्या पेटीतली रीडच. पेटीचं आणि कॉन्सर्टिनाचं कूळ एकच, हवेच्या झोताने मोकळी कंप पावणारी जीभ.

इंग्रजी कॉन्सर्टिनाचे जनक चार्ल्स व्हीटस्टन. विज्ञान शाखेतल्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने ज्यांच्या नावाचा ‘व्हीटस्टन ब्रिज’ प्रयोगशाळेत जोडलेला असतो तेच हे. ती जोडणी मुळात सॅम्युअल हंटर क्रिस्टी यांची, १८३३ची. व्हीटस्टन यांनी १८४३ साली ती लोकांपुढे आणली आणि श्रेय क्रिस्टींनाच दिलं, तरी नाव व्हीटस्टन यांचंच चिकटलं. विल्यम कुक यांच्याबरोबर १८३७चं विद्युत तारायंत्राचं पेटंट त्यांचंच, दोन डोळ्यांनी पाहायचं त्रिमितीदर्शक यंत्रही त्यांचंच. पण घराणं वाद्यविक्रेत्यांचं, आणि ध्वनी हा त्यांचा पहिला ध्यास. १८२९ साली त्यांनी सिंफोनियम नावाच्या तोंडाने फुंकायच्या छोट्या वाद्याचं पेटंट घेतलं. त्याच बटणांच्या रचनेला पुढे भाता जोडला, आणि १८४४च्या पेटंटमध्ये कॉन्सर्टिना कागदावर आला. माणूस इतका बुजरा की रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांच्या ध्वनिसंशोधनावरची व्याख्यानं मायकेल फॅरडे यांनी दिली.

त्याच सुमारास, १८३४ साली, जर्मनीत केम्निट्झ इथे कार्ल फ्रीडरिश ऊलिग यांनी स्वतंत्रपणे वेगळीच बटणपेटी बनवली. तिची इंग्लंडमध्ये सुधारून वाढवलेली आवृत्ती म्हणजे अँग्लो. तिसरा प्रकार ड्युएट, तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. बाहेरून तिन्ही षटकोनी आणि सारखेच वाटतात, पण एक येणाऱ्याला दुसरा वाजवता येत नाही. या शिबिराची खरी अडचण इथे आहे आणि त्याची खरी गंमतही.

इंग्लिश प्रकारात भाता उघडा की मिटा, बटणाचा सूर बदलत नाही. पण सप्तकातले सूर दोन हातांत आळीपाळीने वाटलेले, एक सूर डावीकडे, पुढचा उजवीकडे. अंगठा कातडी पट्ट्यात, करंगळी धातूच्या आधारावर, वाजवायला मधली तीन बोटं. साध्या अठ्ठेचाळीस बटणांच्या वाद्यात साडेतीन सप्तकं. सरळ सपाट तान दोन हातांत झुलत जाते, त्यामुळे वेग भरपूर.

अँग्लोत एका बटणाला दोन सूर, माउथ ऑर्गनला फुंकल्यावर एक आणि ओढल्यावर दुसरा तसे. भाता दाबला की वेगळा, ओढला की वेगळा. त्यामुळे त्याच्या चालीत आपोआप एक ठेका येतो, दर दोन-चार सुरांनी भाता वळतोच.

ड्युएटमध्ये खालचे सूर डावीकडे, वरचे उजवीकडे, दोन्ही दिशांना तेच. पियानोच्या कल्पनेजवळचा हा प्रकार, एकट्याने साथीसह वाजवण्यासाठी. त्यातही मॅकॅन, क्रेन, हेडन अशा बटणांच्या वेगवेगळ्या मांडण्या. ड्युएटवाले संख्येने सगळीकडे कमी, आणि तीन जण एकत्र बसले तर तिघांची मांडणी वेगळी असण्याची शक्यता दाट. शिबिरातही त्यांचा वर्ग एका लहान टेबलाभोवती मावला, आणि शिकवणाऱ्याला तिघांना तीन बोटलेखनं सांगता येईनात म्हणून त्यांनी बोटांबद्दल बोलणंच सोडून दिलं. ‘डाव्या हाताने किती गप्प बसायचं ते आज बघू,’ एवढ्यावर त्यांनी अख्खी सकाळ नेली. साथीचा एखादा सूर धरून ठेवायचा की सोडायचा, उजव्या हाताची चाल डाव्याच्या भरण्यात बुडते कुठे, हे ते ऐकवत राहिले. तबल्याबरोबर पेटीची साथ करताना भरणा किती द्यायचा हा प्रश्न ज्याने झेलला आहे त्याला हा वर्ग परका वाटला नसता.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला अँग्लोच्या वर्गात, कारण तिथे हवेचा हिशेब उघड्यावर मांडला जातो. एका धुनेत भाता दाबण्याचे सूर जास्त आणि ओढण्याचे कमी असतील तर भाता मिटत मिटत संपतो. मग सूर निघत नाही. यासाठी उजव्या अंगठ्याखाली एक बटण असतं, ते दाबलं की हवा आवाज न करता आत-बाहेर होते. नवशिका भाता संपल्यावर ते दाबतो, आणि धून तिथे तुटते. जाणकार वाजवता वाजवता, एखादा सूर चालू असतानाच, ते हलकेच उघडून हवा भरून घेतो.

पण बाईंनी त्याहून आत नेलं. तीस बटणांच्या सी/जी अँग्लोत काही सूर दोन ठिकाणी मिळतात, आणि दोन दिशांना. ‘बी’ घ्या. उजव्या हाताच्या मधल्या ओळीत पहिल्या बटणावर तो भाता ओढताना येतो, आणि डाव्या हाताच्या आतल्या ओळीत भाता दाबताना. त्याच्या वरचा ‘डी’ही तसाच दोन्हीकडे. म्हणजे प्रत्येक ‘बी’शी वादकासमोर निवड उभी राहते, आणि त्या निवडीवर हवा उरणार की संपणार, स्वरावली जोडून येणार की तुटक, ठेका कुठे पडणार, हे सगळं ठरतं. बाईंनी फळ्यावर एक धून लिहिली आणि प्रत्येक सुराखाली बाण काढायला सांगितलं, आत किंवा बाहेर. कुठे बाण बदलायचा ते चालीचा श्वास कुठे सुटतो त्यावरून ठरवायचं. बोटाला जे जवळ पडतं ते निकष म्हणून चालणार नाही.

हे वाचायला सोपं आहे. तीस वर्षं एकच ‘बी’ वाजवलेल्या हाताला मात्र ती निवड दिसतच नाही. एक निवृत्त शिक्षक, उत्तम वाजवणारे, बाण काढताना तिसऱ्याच ओळीवर थांबले. ‘मी इथे काय करतो ते मला वाजवल्याशिवाय सांगता येत नाही,’ ते म्हणाले. बाईंनी त्यांना वाजवू दिलं आणि त्यांच्या हातांकडे बघून स्वतः बाण काढले. त्या कागदावर त्यांना पहिल्यांदा स्वतःची सवय दिसली. सगळे वजनदार सूर त्यांनी ओढण्यावर ठेवले होते, त्यामुळे त्यांच्या वाजवण्यात प्रत्येक ओळ सुटीच्या आधी किंचित मऊ पडत होती. तो मऊपणा त्यांना आवडतो की नाही, हे आता त्यांना ठरवायचं होतं. शिबिराकडून अनुभवी माणसाला मिळावं ते हेच, असं मला वाटतं. नवी धून कुणीही देईल; आपल्या हाताचा नकाशा आपल्याला कुणी काढून देत नाही.

पलीकडे इंग्लिशवाल्यांच्या वर्गात वेगळाच विषय निघाला, आणि तो मला घरचा वाटला. इंग्लिश कॉन्सर्टिनावर एका सप्तकात बारा नव्हे, चौदा बटणं असतात. ‘जी शार्प’ आणि ‘ए फ्लॅट’ यांची बटणं वेगळी, ‘डी शार्प’ आणि ‘ई फ्लॅट’ यांचीही. पियानोवर या जोड्या एकाच पट्टीत विरघळतात. त्या काळच्या जुळवणीत त्या वेगळ्या होत्या, कारण तीव्र-कोमल सुरांचं गणित शुद्ध गांधारासाठी मांडलं होतं. एक्तॉर बर्लिओझ १८५१च्या लंडन प्रदर्शनात वाद्यांचे परीक्षक होते आणि आपल्या वाद्यवृंदविषयक ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत त्यांनी कॉन्सर्टिनाला जागा दिली, पण या जुळवणीवर ते रागावले. ‘ए फ्लॅट’ला ‘जी शार्प’च्या वर बसवणं हा ध्वनिशास्त्रज्ञांचा हट्ट आहे, वाजवणाऱ्यांच्या कानाला ते पटत नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

पुढे वाद्यं समान अंतराच्या बारा सुरांत लावली जाऊ लागली. ती जादा बटणं तशीच राहिली, आज ती एकाच सुराची दोन घरं म्हणून बोटांच्या सोयीला वापरतात. पण शिबिरात एका वादकाने आपलं वाद्य मुद्दाम जुन्या पद्धतीने जुळवून घेतलं होतं. तिथल्या शिक्षकांनी त्यांना आणि शेजारच्याला एकच साधा मेळ वाजवायला सांगितला, सा-ग-प. शेजारच्याचा गांधार वर चढलेला, अस्वस्थ. जुन्या जुळवणीचा गांधार जागच्या जागी बसलेला, तंबोरा छान लागला की त्यातून आपोआप निघतो तो. खोलीतल्या कुणी तंबोरा ऐकलेला नव्हता, पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम ओळख उमटली.

आपल्याकडे याच गांधारावरून केवढं रामायण झालं. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, आणि आक्षेपांत सुरांच्या ठराविक उंचीचा आणि मींड निघत नसल्याचा मुद्दा मोठा होता. याच महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांनी पेटी मैफलीत बसवली, आणि आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम घडवली, म्हणजे एका सप्तकातल्या सुरांची संख्या वाढवून याच प्रश्नाला हात घातला. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकात एका भौतिकशास्त्रज्ञाने दोन बटणं वाढवून केलेला प्रयत्न त्याच वाटेवरचा. त्यांनी दोनच पावलं टाकली, पण टाकली.

दुपारी जेवणानंतर दुरुस्तीचं टेबल लागलं. हा कार्यक्रमपत्रिकेतला सर्वांत कोरडा भाग असेल असं वाटलं होतं. सर्वांत जास्त गर्दी तिथेच होती. एका बाईंच्या वाद्यातला एक सूर गुरगुरत होता. जाणकारांनी चकतीचे सहा स्क्रू सैल केले, आतलं बटणांचं यंत्र उचललं, आणि खाली रीडची तबकडी दिसू लागली. प्रत्येक जीभ पितळेच्या चौकटीत, आणि ती चौकट लाकडात तासलेल्या खाचेत नुसती सरकवून घट्ट बसवलेली, मेण किंवा खिळा नाही. अ‍ॅकॉर्डियनमध्ये रीडच्या पट्ट्या मेणाने चिकटवतात. कॉन्सर्टिनाचा तो कोरडा, मोकळा, जरा रागीट आवाज येतो तो बराचसा या बांधणीतून. घरात हिवाळाभर हीटर चालतो, हवा कोरडी होते, लाकूड आक्रसतं, खाच सैल पडते आणि सूर गुरगुरतो. त्यांनी चौकट बाहेर काढली, तिच्या कडेला कागदाची बारीक पट्टी लावून परत सरकवली. सूर स्वच्छ. दुसऱ्या एकाची रीड धुळीच्या कणाने अडकलेली. जिभेखालून कागदाचा पातळ कपटा ओढला, कण निघाला. तिसऱ्याचा सूर उतरलेला. त्यावर त्यांनी हात लावला नाही, फक्त समजावलं: जीभ टोकाशी घासली तर सूर चढतो, मुळाशी घासली तर उतरतो, आणि घासलेलं पोलाद परत येत नाही. पुण्या-मुंबईच्या हार्मोनियम कारागिरांकडे मी हेच वाक्य याच शब्दांत ऐकलेलं आहे.

टेबलावरची वाद्यं शंभर-सव्वाशे वर्षांची. व्हीटस्टन कंपनीची, लाशेनालची, जेफ्रीजची. लुई लाशेनाल मूळचे स्विस, व्हीटस्टनकडे काम केलं, पुढे स्वतःचा कारखाना काढला आणि त्यांनी कॉन्सर्टिना सामान्य घरात पोचवला. त्याआधीच्या व्हीटस्टनच्या विक्रीवह्यांत उच्चभ्रू गिऱ्हाइकांची नावं दिसतात, त्यांत शेकडो स्त्रिया. या वह्या आज लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात आहेत, आणि त्यांच्यामुळे वाद्याच्या क्रमांकावरून ते कधी विकलं गेलं ते काढता येतं. शिबिरातल्या बऱ्याच जणांना आपल्या वाद्याचा पहिला मालक माहीत होता. मैफलीच्या संगीतातही या वाद्याने काही काळ मान मिळवला. गिटारचा बालकलाकार म्हणून गाजलेले जुलिओ रेगोंदी कॉन्सर्टिनाचे सर्वांत मोठे वादक झाले, आणि बर्नहार्ड मोलिक यांनी १८५३ साली कॉन्सर्टिना आणि वाद्यवृंदासाठी कॉन्चेर्टो लिहिला. मग वाद्य खाली उतरलं, दिवाणखान्यातून रस्त्यावर आलं, सॅल्व्हेशन आर्मीच्या प्रचारकांच्या हातात गेलं, यॉर्कशायरच्या मेक्सबरो, हेकमंडवाइकसारख्या खाणी-गिरण्यांच्या गावांत ब्रास बँडच्या धर्तीवर कॉन्सर्टिना बँड उभे राहिले.

मग पहिलं महायुद्ध, जॅझ, पियानो अ‍ॅकॉर्डियन, रेडिओ. कारखाने एकेक करून बंद पडले. शिकवणारी पिढीच गळाली. घराघरांत माळ्यावर पडलेली वाद्यं, पण ती कशी वाजवायची हे सांगणारा माणूस नाही, असा काही दशकांचा काळ गेला. १९५२ साली इंटरनॅशनल कॉन्सर्टिना असोसिएशन स्थापन झाली ती उरलेल्यांना एकत्र ठेवण्यासाठी. लोकसंगीताच्या नव्या लाटेत तरुणांनी ही वाद्यं पुन्हा हातात घेतली तेव्हा त्यांना गुरू मिळाले ते फार थोडे. अ‍ॅल्फ एडवर्ड्ससारखे व्यावसायिक, ज्यांचा कॉन्सर्टिना बीबीसीच्या ‘रेडिओ बॅलड्स’मध्ये ऐकू येतो. आणि विल्यम किंबर यांच्या ध्वनिमुद्रिका. किंबर ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वॉरीचे गवंडी. १८९९च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी कडाक्याच्या थंडीत काम नाही म्हणून ते आणि त्यांचे साथी मॉरिस हा इंग्रजी लोकनाच करत दारोदार फिरत होते. सेसिल शार्पनी ते एका घरातून पाहिलं, किंबरना दुसऱ्या दिवशी परत बोलावलं आणि त्यांच्या अँग्लोवरच्या धुनी उतरवून घेतल्या. इंग्लंडच्या लोकसंगीत चळवळीची सुरुवात अनेक जण त्या भेटीपासून धरतात. किंबरच्या मुद्रिकांत उजव्या हाताची चाल आणि डाव्या हाताचे आखूड, उडते मेळ ऐकू येतात, नाचणाऱ्याचा पाय जमिनीवरून सुटेल असे.

या वाद्याला घराणं नाही, संगीत विद्यालयात त्याची खुर्ची नाही. घराण्याचं काम या शनिवार-रविवारांनी केलं आहे, असं माझं ठाम मत झालं. एकमेकांपासून शेकडो मैल दूर, आपापल्या गावात एकटेच वाजवणारे लोक वर्षातून एकदा एका छपराखाली येतात, एका टेबलावर जेवतात, आणि जेवता जेवता ‘तो ‘डी’ तुम्ही कुठून घेता?’ हा प्रश्न विचारतात. रीत अशीच टिकते. आपल्याकडे पेटीला गुरू भरपूर, परीक्षा भरपूर, पण विशारद होऊन तालुक्याच्या गावी पंचवीस वर्षं भजनी मंडळाला आणि नाटकाला साथ करणाऱ्या वादकाला आपल्या बरोबरीच्या वीस जणांत बसून दोन दिवस फक्त भात्यावर काम करायचं असेल, तर त्याने कुठे जावं? अशी जागा गणपतीनंतरच्या एखाद्या शनिवार-रविवारी कुठल्याही शाळेच्या इमारतीत होऊ शकते. खर्च फारसा नाही. बोलावणारा कुणीतरी हवा.

शनिवारी संध्याकाळी सगळे मिळून बँड झाला. ट्रेबल, टेनर, बॅरिटोन, आणि दोन भले मोठे बास, त्यातला एक वाजवताना मांडी दुखते म्हणून वादकाने पायाखाली स्टूल घेतलं. तिन्ही प्रकारचे वादक इथे स्वरलिपीसमोर एकत्र, म्हणजे आता बटणांबद्दल बोलायची सोयच नाही. निर्देशक फक्त आवाजाबद्दल बोलत होते: कुठे टोक हवं, कुठे गोलाई, बासवाल्यांनी किती आधी भाता हलवायला सुरुवात करायची. जाड रीड हलायला वेळ घेते, म्हणून बास नेमका तालावर दाबला तर तो उशिराच ऐकू येतो. बासवाल्या बाई शेवटी तालाच्या किंचित आधी सुटू लागल्या आणि सगळा बँड एकदम जमिनीवर उभा राहिला. रात्री जेवणानंतर मात्र कागद गेले. वर्तुळात बसून कुणीतरी धून सुरू करायची, ज्याला येते त्याने मिसळायचं, ज्याला येत नाही त्याने हळू आवाजात शोधत राहायचं किंवा ऐकायचं. एखादी धून दोन-तीनदा फिरते, मग सुरू करणारा नजरेने खूण करतो आणि दुसरी येते. नव्याने आलेल्याला कुणी आग्रह करत नाही, आणि त्याने सुरू केलं तर सगळे वाद्यं खाली ठेवून आधी ऐकतात.

एक खंत मात्र सगळ्यांच्या बोलण्यात होती. खोलीत पांढरी डोकी जास्त. जुनं जेफ्रीज घ्यायचं तर हजारो पौंड, नवं चांगलं वाद्य हाताने घडवणारे मोजके आणि त्यांच्याकडे वर्षानुवर्षांची यादी. इंग्लंडमधला तरुण एवढ्या वाटेने इथवर येत नाही. आयर्लंडचं चित्र पूर्ण वेगळं आहे. तिथे काउंटी क्लेअरमध्ये अँग्लो हे घरातल्या बायकांचं वाद्य म्हणून जगलं, किलरशच्या एलिझाबेथ क्रॉटींसारख्या स्त्रियांनी ते नावारूपाला आणलं, आणि मिल्टाउन मालबेला १९७३पासून दर जुलैत भरणाऱ्या विली क्लॅन्सी उन्हाळी शाळेत कॉन्सर्टिनाचे वर्ग मुलांनी भरलेले असतात. नोएल हिलसारखे मोठे वादक आठवडाभराच्या निवासी शाळा घेतात, त्याही अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना. आयरिश मूल ऐकून शिकतं; कागद त्याला नंतर, कधीकधी कधीच नाही.

रविवारी सकाळी शेवटच्या तासाला या शिबिरातली सर्वांत लहान मुलगी, विशी न ओलांडलेली, आईकडून आयरिश पद्धतीने शिकलेली, अँग्लोच्या वर्गात एक रील, म्हणजे नाचाची धून, वाजवून गेली. वेगाचं कौतुक झालंच, पण जाणकारांचे कान दुसरीकडेच होते. तिच्या वाजवण्यात भाता कुठे वळतोय ते ऐकूच येत नव्हतं. काल बाण काढताना अडलेले शिक्षक उठून तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले.

‘दुसऱ्या भागात ‘बी’ तू दाबताना घेतेस ना?’

‘तिथे हो. पण लगेच खालचा ‘ए’ येतो ना, मग परत ओढावं लागतं. म्हणून पहिल्या वेळी ओढताना घेते, दुसऱ्या वेळी दाबताना.’

‘दोन्ही वेळी वेगळं?’

‘दोन्ही वेळी हवा वेगळी असते,’ ती म्हणाली.

त्यांनी खिशातून कालचा कागद काढला, मांडीवर उलगडला आणि पेन्सिलने दोन बाण खोडले. मग तिने ती ओळ अर्ध्या वेगात वाजवली, त्यांनी तिच्यामागून. जेवणाची घंटा झाली, बाकीचे उठले, बाईही गेल्या. स्वयंपाकघरातून कुणीतरी येऊन दोघांना दोनदा बोलावून गेलं. तोवर ती त्यांना तिसऱ्या भागातला ‘डी’ दाखवत होती.